न्यायमूर्ति तेलंग : वकील, पुढारी आणि गृहस्थ

वकिलानें राजकारणांत पडावें कीं पडूं नये, हा वाद आपल्या बाजारपेठांतून नेहमींच चालतो. इस्लापुरासारख्या लहान बाजारगांवींहि, किनवटच्या कोर्टाची तारीख करून परत आलेला मनुष्य गाडींतून उतरतांच प्रथम वकिलाच्या फीविषयीं बोलतो आणि मग निवडणुकीस उभ्या राहिलेल्या वकिलाविषयीं बोलतो. दोन्ही बोलण्यांचा सूर बहुधा एकच असतो. पैसे घेऊन कोणाचीहि बाजू मांडणारा मनुष्य लोकांची बाजू मनापासून कशी मांडील, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न खोटा नाहीं. आम्हीहि त्याच धंद्यांतले असल्यामुळें तो आम्हांस जरा अधिक बोंचतो, इतकेंच. अशा प्रश्नांचीं उत्तरें तत्त्वचर्चेनें मिळत नाहींत, एखाद्या मनुष्याचें आयुष्य उघडून पाहिल्यानें मिळतात. म्हणून आज आम्ही काशीनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. मुंबईच्या राजकारणाचा पाया ज्या तीनचार पुरुषांनीं घातला त्यांतले ते एक. आणि त्यांचें नांव रानडे, मेहता, टिळक ह्यांच्या मानानें आज फारच कमी ऐकूं येतें.

वकिलांनीं राज्यकारभारांत शिरावें ही चाल इंग्रजांकडून आपणांकडे आली, तेव्हां मूळ घर आधीं पाहिलें पाहिजे. अठराव्या शतकांत इंग्लंडांत हुशार बॅरिस्टरास पार्लमेंटचा दरवाजा जवळजवळ उघडाच असे. विल्यम मरे हा १७४२ सालीं पार्लमेंटांत आला, सरकारी वकील झाला आणि १७५६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड ह्या नांवानें इंग्लंडच्या सर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला. हुंडी, विमा, जहाजी माल ह्यांसंबंधींचा व्यापारी कायदा बहुतेक त्यानेंच सुसूत्र केला, आणि १७७२ सालीं सॉमरसेट नांवाच्या गुलामाची इंग्लंडच्या भूमीवर सुटका केली ती त्यानेंच. चार्ल्स प्रॅट ह्यानें १७६३ सालीं न्यायासनावरून जॉन विल्क्सला मोकळें केलें. नांव नसलेल्या वॉरंटावर वाटेल त्याचें घर झडतां येतें, ही सरकारची सवय मोडण्यास त्याच खटल्यांपासून आरंभ झाला. जॉन डनिंगनें १७८० सालीं राजाची सत्ता वाढत चालली आहे व ती कमी झाली पाहिजे असा ठराव खुद्द कॉमन्स सभेंत पास करून घेतला. टॉमस अर्स्किन ह्यानें १७९४ सालीं राजद्रोहाच्या आरोपांतून हार्डी व हॉर्न टूक ह्यांस ज्यूरीकडून सोडवून आणिलें. हे झाले मोठे लोक. पण त्याच पंक्तींत अलेक्झांडर वेडरबर्नहि होता. तो आज प्रधानावर तोफ डागी व उद्यां त्याच प्रधानाकडून सरकारी वकिलीची जागा पत्करी. १७७१ सालीं त्यानें अगदीं तसेंच केलें आणि शेवटीं लॉर्ड चॅन्सेलरहि झाला. आपल्या बाजारांतला शंकेखोर मनुष्य ज्याला भितो तो हा वेडरबर्न होय.

आतां इंग्लंडांतली एक गोष्ट आपल्याकडे मुळींच नव्हती. तेथें वकिलाला जावयास पार्लमेंट होतें. येथें एकोणिसाव्या शतकांत जावयास कांहींच नव्हतें. १८६१ च्या कायद्यानें झालेल्या कौन्सिलांत सरकार नेमील ते थोडे लोक बसत. त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नसे कीं जमाखर्चावर बोलण्याचा नसे. अर्थात् आपल्याकडे वकील पुढारी झाला तो दरबार नसतांना झाला. सभा त्यानें भरविली, मंडळी त्यानें काढिली, अर्ज त्यानें लिहिले. ह्या अर्जांची थट्टा पुढच्या पिढीनें पुष्कळ केली, व ती कांहीं अंशीं रास्तहि होती. परंतु अर्ज लिहिण्याकरितां आधीं सरकारचा कायदा, सरकारचे हिशेब व सरकारचीं वचनें वाचावीं लागतात. तें वाचण्याचें काम ह्या लोकांनीं केलें नसतें तर पुढच्या पिढीला रागावण्यास आधार कोणता मिळाला असता?

तेलंगांचा जन्म मुंबईंत १८५० च्या ऑगस्ट महिन्यांत एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत झाला. पांचव्या वर्षीं अमरचंद वाडींतील मराठी शाळेंत त्यांना घातलें आणि १८५९ सालीं ते एल्फिन्स्टन हायस्कुलांत गेले. तेथें नारायण महादेव परमानंद हे त्यांचे शिक्षक होते. पुढें हाच गुरु त्यांचा अगदीं जवळचा स्नेही झाला. संस्कृताची भगवानदास पुरुषोत्तमदास शिष्यवृत्ति मिळविली, एल्फिन्स्टन कॉलेजांतून एम्. ए. व एल्एल्. बी. झाले आणि त्याच कॉलेजाचे फेलोहि झाले. येथपर्यंतची हकीगत त्या काळच्या कोणाहि हुशार मुलाची असूं शकेल.

पुढचा निर्णय मात्र साधा नव्हता. मुंबईच्या हायकोर्टाला दोन बाजू असत. अपील बाजूला जिल्ह्यांतून आलेलीं अपिलें चालत व तेथें आपले वकील उभे राहत. मूळ शाखेंत खुद्द मुंबई शहरांतले मोठमोठे दावे, पेढ्यांचे, गिरण्यांचे, वारसांचे, पहिल्यानेंच दाखल होत. तेथें सॉलिसिटरनें कागद तयार करावे व विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरानें बोलावें अशी वहिवाट होती. हिंदी मनुष्यास विलायतेस न जातां ह्या शाखेंत शिरावयाचें तर न्यायाधीशांनीं ठेविलेली एक कठीण परीक्षा द्यावी लागे. बाळ मंगेश वागळे ह्यांनीं ती वाट प्रथम पाडिली. तेलंगांनीं १८७२ सालीं तीच धरिली. सरकारी नोकरीची चालून आलेली संधि त्यांनीं नाकारिली, ही गोष्ट येथेंच नोंदलेली बरी. बाविसाव्या वर्षीं गोऱ्या बॅरिस्टरांच्या रांगेंत, त्यांच्याच भाषेंत, त्यांच्याच कायद्यावर भांडावयास उभें राहणें म्हणजे काय, हें आज समजणें कठीण आहे. पण एका बाबतींत तेलंगांचें पारडें जड असे. हिंदुधर्मशास्त्राचा दावा निघाला कीं प्रतिपक्षाचा बॅरिस्टर इंग्रजी भाषांतरावर व कोलब्रुकच्या टीपांवर अवलंबून राही, आणि तेलंग मिताक्षरा व व्यवहारमयूख मुळांतून काढून दाखवीत. थोड्याच वर्षांत त्यांच्याकडे कामाची रीघ लागली.

वकिलीची ही संवय त्यांच्या विद्याव्यासंगांतहि दिसते, आणि आम्हांस तो भाग विशेष गोड वाटतो. जर्मनींतल्या वेबर नांवाच्या मोठ्या पंडितानें रामायणाची कथा ग्रीकांच्या होमरवरून घेतली असावी असें मत दिलें. आपल्याकडे अशा मतावर दोन प्रकारें बोललें जाई. एक तर साहेब म्हणतो म्हणून मान डोलवावी, नाहीं तर धर्म बुडाला म्हणून ओरड करावी. तेलंगांनीं तिसरी रीत काढिली. १८७३ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांनीं वेबरचा पुरावा साक्षीदाराच्या जबानीसारखा तपासला. कोणता ग्रंथ कोणत्या ग्रंथाच्या आधींचा, कोणतें साम्य खरें व कोणतें ओढूनताणून आणलेलें, हें एकेक करून दाखविलें. दोनच वर्षांनीं गीतेचें इंग्रजी पद्यांत भाषांतर करून, गीता बायबलावरून उतरली असें म्हणणाऱ्या लोरिन्सर ह्यांच्या मताचा त्याच पद्धतीनें समाचार घेतला. १८८२ सालीं मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेंत त्यांचें गीतेचें गद्य भाषांतर निघालें. भर्तृहरीचीं शतकें व मुद्राराक्षस हीं त्यांनीं संशोधून छापिलीं. देशाभिमान व पुरावा ह्यांचें भांडण असण्याचें कारण नाहीं, हें ह्या लिखाणानें जितकें दाखविलें तितकें शंभर व्याख्यानांनीं दाखविलें नसतें.

व्यापारी वाचकांस त्यांची एक निराळी कामगिरी सांगितली पाहिजे. १८७७ सालीं तेलंगांनीं खुला व्यापार व संरक्षक जकात ह्या विषयावर हिंदुस्थानच्या दृष्टीनें एक निबंध लिहिला. त्या वेळीं खुला व्यापार हें इंग्रजी अर्थशास्त्राचें वेदवाक्य समजलें जाई. कॉलेजांतून तेंच शिकवीत व आपले विद्वान् तेंच पाठ म्हणत. तेलंगांचें म्हणणें असें कीं, ज्या देशांत उद्योगधंदे नुकतेच रांगूं लागले आहेत त्या देशाला शंभर वर्षें पुढें गेलेल्या देशाशीं उघड्या मैदानांत कुस्ती खेळावयास लावणें हें शास्त्र नव्हे. कांहीं काळ त्या धंद्यांना आधार दिलाच पाहिजे. मुंबईंतल्या गिरण्या तेव्हां उभ्या राहत होत्या आणि मँचेस्टरच्या कापडावरची येथली जकात काढा म्हणून तिकडून सारखा तगादा चालला होता. पुढें काय झालें तें प्रसिद्ध आहे. १८७९ सालीं लॉर्ड लिटननें आपल्या कौन्सिलांतील बहुमत बाजूस सारून जाड्या कापडावरील जकात उठविली, आणि १८८२ सालीं उरलेलीहि गेली. आपल्या ह्या भागांतला कापूस ज्या बाजाराला जातो त्या बाजाराचा भाव कोठें कोठें ठरतो, ह्याचा विचार करणाऱ्यानें हा निबंध आजहि वाचण्यासारखा आहे. टिळकांच्या स्वदेशीच्या चळवळीच्या जवळजवळ तीस वर्षें आधींचा तो आहे.

१८८२ सालीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शिक्षण कमिशनावर तेलंगांस घेतलें व त्या कामाबद्दल त्यांना सी. आय्. ई. ही पदवी मिळाली. कमिशनानें कॉलेजांसाठीं सर्वधर्मसाधारण असें एक नीतीचें क्रमिक पुस्तक करावें अशी शिफारस केली, तिला तेलंगांनीं वेगळी मतपत्रिका लिहून विरोध केला. नीति पुस्तकानें शिकवितां येत नाहीं, ती शिक्षकाच्या वागणुकीनें व एकंदर विद्येच्या संस्कारानें येते, असें त्यांचें मत. (हें मत ज्यानें मांडिलें त्याची परीक्षा पुढें त्याच कसोटीवर व्हावयाची होती.) ह्याच कमिशनापुढें पुण्याहून जोतीराव फुले ह्यांनीं आपलें निवेदन धाडलें होतें. शेतकऱ्याच्या पोटच्या करानें भरलेल्या तिजोरींतून वरच्या जातींच्या मुलांची कॉलेजें चालतात व शेतकऱ्याच्या पोराला साधी शाळा मिळत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें. एकीकडे कमिशनाच्या खुर्चीवर तेलंग व दुसरीकडे कमिशनाच्या टेबलावर फुल्यांचा कागद, असें चित्र डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे त्या काळच्या वकील पुढाऱ्यांची मर्यादा कोठें होती तें कळतें. ते देशासाठीं बोलत होते ह्यांत शंका नाहीं. पण देश त्यांना ज्या खिडकींतून दिसत होता ती गिरगांवांतली होती.

पुढच्याच वर्षीं इल्बर्ट बिलाचें वादळ उठलें. जिल्ह्यांतल्या हिंदी मॅजिस्ट्रेटास व सेशन्स जज्जास युरोपियन आरोपीचा खटला चालवितां यावा, एवढीच त्या बिलांतली गोष्ट. परंतु कलकत्त्याच्या गोऱ्या मंडळींनीं असा कांहीं आकांत मांडिला कीं जणूं राज्यच गेलें. मुंबईच्या टाउन हॉलमध्यें बिलाच्या बाजूनें सभा भरली व तींत फेरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग हे तिघे बोलले; एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदु, आणि तिघेहि वकील. तेलंगांच्या भाषणांत राग नव्हता. राणीचा जाहीरनामा, पूर्वींचे कायदे व विरोधकांचीं विधानें समोरासमोर ठेवून त्यांनीं विरोधाचा पाया उकलून दाखविला. शेवटीं १८८४ सालीं सरकारनें माघार घेतली व युरोपियनास निम्मे पंच गोरे मागण्याचा हक्क ठेविला. बिल गेलें, परंतु संघटित ओरडीपुढें हें सरकार वांकतें, हा धडा येथल्या लोकांस फुकट मिळाला.

तो धडा वायां गेला नाहीं. १८८५ च्या जानेवारींत ह्याच तिघांनीं बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढिली. त्याच वर्षाअखेर काँग्रेसची पहिली बैठक पुण्यास भरावयाची होती. तेथें पटकीची सांथ आल्यामुळें ती मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत २८ डिसेंबरपासून भरली. ७२ प्रतिनिधि, आणि अध्यक्ष कलकत्त्याचे बॅरिस्टर उमेशचंद्र बानर्जी. कायदेकौन्सिलांत लोकांनीं निवडलेले सभासद घ्यावे, त्यांच्यापुढें जमाखर्च ठेवावा व त्यांना प्रश्न विचारूं द्यावे, हा जो त्या बैठकीचा गाभा, तो ठराव तेलंगांनीं मांडिला. वर सांगितलेल्या डनिंगनें राजाची सत्ता कमी करण्याचा ठराव आणिला तो स्वतः सभासद असलेल्या सभेंत. येथें तशी सभाच आधीं मागावयाची होती. १८८८ सालीं अलाहाबादेसहि ते ह्याच विषयावर बोलले. १८९२ च्या कायद्यानें अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, निवडणुकीची मात्र सावलीच मिळाली. स्वतः तेलंग १८८४ पासून मुंबईच्या कौन्सिलांत सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील जागा त्यांनीं नाकारिली. मुंबई म्युनिसिपालिटीचा १८८८ चा कायदा झाला त्यांत त्यांची व मेहतांची मेहनत पुष्कळ आहे.

आतां ज्या भागासाठीं आम्हीं हें चरित्र हातीं घेतलें त्याकडे येतों.

१८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दादाजी भिकाजी नांवाच्या इसमानें आपली पत्नी रखमाबाई नांदावयास येत नाहीं म्हणून दावा केला. रखमाबाईचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. ती सासरीं कधींच गेली नव्हती, आणि समजूं लागल्यावर हा नवरा आपल्यास मान्य नाहीं असें ती उघड म्हणत होती. तिच्या बाजूच्या वकिलांत तेलंग होते. न्यायमूर्ति पिन्ही ह्यांनीं १८८५ सालीं दावा काढून टाकिला. अपिलांत तो निकाल फिरला. १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं नवऱ्याकडे जा नाहीं तर सहा महिने कैद भोग असा हुकूम केला, आणि त्या बाईनें कैद पत्करीन म्हणून सांगितलें. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलें, व पुढें रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं कित्येक वर्षें बायकांचीं इस्पितळें चालविलीं. ह्या खटल्यानें सारा देश दोन तट होऊन भांडला. बालपणीं लाविलेल्या लग्नानें मुलीचा देह बांधला जातो काय, हाच त्यांतला मुद्दा होता, व तेलंग तो मुद्दा अशिलाच्या तर्फेनें मांडीत होते.

खटला चालू असतांनाच, १८८६ सालीं, तेलंगांनीं एक व्याख्यान दिलें. राजकीय सुधारणेच्या आधीं सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, हा त्याचा विषय. मलबारी ह्यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य ह्यांविरुद्ध दोन वर्षांपूर्वीं टिपणें काढून रान उठविलें होतें आणि इंग्रज टीकाकार म्हणत होते कीं, आधीं घर झाडा, मग राज्य मागा. तेलंगांचें उत्तर असें : कोणताहि समाज एकाच क्रमानें सुधारत नाहीं, इंग्लंडांत राजकीय हक्कांची लढाई झाली तेव्हां तेथील समाज कांहीं निर्दोष नव्हता, आणि चळवळीचा ओघ साहजिकच जेथें अडथळा कमी तेथून वाहतो. राजकारणांत समोर सरकार असतें, त्याच्याशीं युक्तिवाद करतां येतो. समाजकारणांत समोर आपलेच वाडवडील असतात व ते युक्तिवादानें वळत नाहींत. व्याख्यान फार कुशल आहे. परकीय टीकाकारास दिलेलें उत्तर म्हणून त्यांत आम्हांस कांहींच उणें दिसत नाहीं. पण तेंच उत्तर स्वकीयांना सांगूं लागलें कीं त्याचा अर्थ पालटतो. अडथळा कमी असेल तेथून जावें हा पाण्याचा धर्म आहे. पुढाऱ्याचा तोच धर्म मानला तर पुढारी हवा कशाला? सामाजिक बाबतींत तडजोड किती करावी ह्यावर तेलंगांनीं मराठींतहि लिहिलें आहे, त्यावरून हा प्रश्न त्यांच्या मनांत किती घोळत होता तें दिसतें.

आणि तडजोड त्यांच्या घरींच आली. ज्यानें रखमाबाईची बाजू मांडिली त्यानेंच आपल्या मुलीचें लग्न तिच्या बालपणींच लावून दिलें. घरच्या मंडळींच्या इच्छेपुढें त्यांनीं मान लवविली असें सांगितलें जातें, व तें खरें मानावयास हरकत नाहीं. सुधारकांना धक्का बसला; सुधारणेच्या विरोधकांना आनंद झाला. रानड्यांनींहि पहिली पत्नी वारल्यावर १८७३ सालीं, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असतां, वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें होतें. तेव्हां एकट्या तेलंगांस पिंजऱ्यांत उभें करण्याचें कारण नाहीं. परंतु रानड्यांनीं त्या मुलीस शिकवून रमाबाई रानडे केली. तेलंगांच्या बाबतींत असें कोणतेंहि उत्तर पुढें करतां येत नाहीं.

वकील म्हणून आम्हांस ह्याचा एक उलगडा सुचतो. वकिलाला दुसऱ्याची बाजू मांडण्याची संवय असते. ती मांडून झाली, कीं कागद बांधून तो घरीं जातो. अशिलाचें दुःख त्यास कळतें, पण तें त्याच्या अंगणांत येत नाहीं. कोर्टांत आणि सभेंत तेलंग निर्भय होते. परंतु तेथें समोर जज्ज होता, सरकार होतें, गोरा बॅरिस्टर होता. घरांत समोर होतीं तीं माजघरांतलीं माणसें. त्यांच्याशीं इंग्रजींत बोलतां येत नाहीं आणि मयूखांतील वचन काढून दाखविल्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. हें ज्यानें अनुभविलें नाहीं त्यानेंच तेलंगांस भ्याड म्हणावें. मात्र दोष तो दोषच. महाराष्ट्रांत २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारे २२ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठराव्या वर्षाच्या आंत झालेलीं आढळलीं. कायदा आहे, तो २००६ चा आहे, व तो वकिलांस, सरपंचांस व व्यापाऱ्यांस पाठ आहे. आपल्या मराठवाड्यांत लग्नसराईंत कोणाकोणाच्या मांडवांत आपण अक्षता टाकून येतों, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

तेलंगांच्या बाजूनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १८९१ च्या संमतिवयाच्या बिलास त्यांनीं अनुकूल मत दिलें. दहाचें वय बारा करावयाचें एवढीच ती सुधारणा. टिळकांनीं परक्या सरकारास आमच्या घरांत हात घालूं देऊं नये म्हणून विरोध केला. त्या विरोधांत राष्ट्राभिमान होता हें आम्ही मान्य करितों. पण त्यासाठीं दहा वर्षांच्या मुलीनें किती दिवस थांबावें, ह्याचें उत्तर त्या विरोधांत नव्हतें. येथें तेलंगांचीच बाजू खरी होती असें आम्हांस वाटतें.

१८८९ सालीं नानाभाई हरिदास वारले व त्यांच्या जागीं वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं तेलंग हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. राजकारण तेथेंच थांबलें. काँग्रेसनें एक मोठा वक्ता गमावला, व हा सौदा देशाच्या फायद्याचा झाला कीं नाहीं ह्याबद्दल तेव्हांहि मतभेद होता. वेडरबर्ननें जागेसाठीं पक्ष बदलला, तसें हें नव्हे; तेलंगांनीं जागेसाठीं एकहि मत बदललें नाहीं. तरी पण खुर्ची मनुष्याचें तोंड बंद करिते, ही गोष्ट खरी.

न्यायासनावर मात्र त्यांनीं जें केलें तें अजून वकिलांच्या टेबलावर आहे. १८९१ च्या आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी ह्या खटल्याचा प्रश्न एकत्र कुटुंबांत पेढी चालविणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. बाप आपल्या भावांशीं अविभक्त राहत आहे. मुलाला वांटणी हवी, बापाला नको. मुलास ती मागतां येईल काय? इतर न्यायाधीशांनीं बापाची संमति नसल्यास येणार नाहीं असा निकाल दिला. तेलंग एकटे पडले. वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मानेंच बापाच्या बरोबरीचा आहे असें मिताक्षरा म्हणते, मग तो हक्क बापाच्या मर्जीवर कसा टांगतां येईल, असें त्यांनीं मूळ ग्रंथांवरून विस्तारानें दाखविलें. मुंबई इलाख्यांत बहुमताचाच निकाल चालू राहिला. परंतु दुसऱ्या हायकोर्टांनीं तेलंगांच्या दिशेचाच मार्ग धरिला आणि हिंदुधर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीं त्यांचा हा भिन्न निकाल नेहमीं आदरानें वाचला. स्मृतींना दगडावरची रेघ न समजतां चालत आलेल्या आचाराबरोबर त्या कशा वाढत गेल्या हें पाहावयाचें, ही त्यांची दृष्टि होती.

आपला हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत. मुंबईच्या कौन्सिलाचे व काँग्रेसचे वारे येथें येण्यास फार काळ लागला. कोर्टाची भाषा उर्दू, सभेला परवानगी कठीण. तरीहि वकिलांतूनच आरंभ झाला. केशवराव कोरटकर ह्यांनीं गुलबर्गा व हैदराबाद येथें वकिली केली, हैदराबादेंत १९०७ सालीं विवेकवर्धिनी शाळा उभी करण्यांत पुढाकार घेतला आणि पुढें तेहि हायकोर्टाच्या खुर्चीवर बसले. सभा भरवितां येत नाहीं तेथें शाळा काढावी, ही त्यांची युक्ति मुंबईच्या वकिलांना कधीं लागली नाहीं, कारण तशी गरजच पडली नाहीं.

तेलंगांच्या शेवटच्या दोन वर्षांत मानाच्या जागा एकामागून एक आल्या. १८९२ सालीं ते मुंबई विश्वविद्यालयाचे व्हाइस चॅन्सेलर झाले, आणि त्याच सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष. दोन्ही जागांवर हिंदी मनुष्य प्रथमच बसला. मराठीची सेवा त्यांनीं आधींच केली होती. लेसिंग ह्या जर्मन नाटककाराचें यहुदी, मुसलमान व ख्रिस्ती ह्यांच्या परस्परसंबंधांवरचें नाटक त्यांनीं शहाणा नेथन ह्या नांवानें १८८७ सालीं मराठींत आणिलें. प्रकृति मात्र ढासळत चालली होती. १ सप्टेंबर १८९३ रोजीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागीं हायकोर्टांत रानडे आले.

अखेरच्या काळांत तेलंग मराठी बखरी चाळीत बसत. पेशव्यांच्या राज्यांत धर्म व समाज ह्यांसंबंधीं कारभार कसा चाले, हें त्यांना शोधावयाचें होतें. राघोबादादांनीं विलायतेस धाडलेले ब्राह्मण परत आल्यावर प्रायश्चित्त देऊन जातींत घेतले, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मनांत आपल्या विधवा मुलीचें पुन्हां लग्न करावें असें आलें व शेवटीं तें मागें पडलें, अशा गोष्टी वेंचून त्यांनीं एक इंग्रजी निबंध लिहिला. रानड्यांनीं १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचें आपलें पुस्तक छापिलें, तेव्हां तो निबंध त्या पुस्तकाच्या शेवटीं जोडिला. लेखकास जाऊन तेव्हां सात वर्षें झालीं होतीं.